दोन ते चारचा पहारा

विसावा, चिंचवड
१७ एप्रिल १९५७

सुभद्राआजी,

मराठी पत्राच्या डोक्यावर काय काय लिहायचं असतं ते आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये कुणी शिकवलं नाही, म्हणून सरळ सुरुवात करते. मी सुमन. तुम्ही सुखरूप पोचलात ना? गेल्या शुक्रवारी भर सप्ताहात, दुपारी सगळे झोपलेले असताना तुम्ही कुणालाही न सांगता निघून गेलात. आम्हाला कळलं ते सयाजी माळ्याकडून. तो एवढंच म्हणाला, "चाकणकडची बैलगाडी व्हती. आजीच्या काखेत गाठोडं व्हतं." गाठोड्यात काय होतं ते त्याला माहीत नाही. मीही विचारलं नाही. म्हणजे एकदाच विचारलं.

इथे सगळं छान आहे. सप्ताह छान पार पडला. काल्याच्या लाह्या सगळ्यांना पुरल्या. तुमची खिडकीजवळची कॉट तशीच आहे, गोधडीची घडीसुद्धा मी मोडू दिलेली नाही. नवे पैसे सुरू झाल्यापासून मात्र सोपानराव प्रत्येक नाणं दाताखाली धरून बघतात.

हे पत्र तुम्हाला बहुतेक तुमचे भाचे ज्योतीराम वाचून दाखवतील. ज्योतीराम, तुम्हाला आमची माणसं माहीत नाहीत म्हणून सांगते. सोपानराव म्हणजे खडकीच्या कारखान्यातून रिटायर झालेले मुकादम, आमच्या भजनाचे पुढारी. रुक्मिणीबाई बीडकडच्या, तुमच्या आत्याच्या शेजारच्या कॉटवर असतात. आणि मी इथे म्हाताऱ्या माणसांचा वेळ बरा जावा म्हणून नेमलेली मुलगी. कॅरम, सकाळची कवायत, पेपरवाचन वगैरे. पहिल्या महिन्यात सगळ्यांना वाटलं मी मिशनरी आहे. कवायत सुरू केली तेव्हा वाटलं, कोण आजारी आहे ते हेरून दवाखान्यात पाठवायचा डाव आहे. एकट्या तुमच्या आत्या पहिल्या दिवशी हात वर करून उभ्या राहिल्या.

आजी, तुमच्याबद्दल इथे कुणाच्याही मनात काहीही नाही, हे मी मुद्दाम सांगते. सोपानराव काही बोलत नाहीत. म्हणजे बोलतात, पण नाव घेत नाहीत. रुक्मिणीबाई पहिले दोन दिवस बोलल्या, आता त्याही गप्प आहेत. वीणेचं कुणी मनावर घेतलेलं नाही. वीणा काय, शेवटी लाकूडच. (हे मी नाही म्हटलं, सुपरिंटेंडेंटसाहेब म्हणाले.)

फक्त एक विचारायचं होतं, अगदी सहज. सप्ताहाचा नियम मला तुम्हीच शिकवलात. सात दिवस वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जायची. जमिनीला टेकायची नाही, खाटेला टेकायची नाही. बदलीचा माणूस येईपर्यंत पहारेकऱ्याने जागा सोडायची नाही. आपल्याकडे सगळे थकलेले, म्हणून बसायची सूट दिली होती, तेवढीच. मग तुम्ही गाडीत बसायला गेलात तेव्हा वीणा कुणाकडे दिलीत?

उत्तराची घाई नाही. पण लवकर लिहा.

तुमची,
सुमन

*

विसावा, चिंचवड
२३ एप्रिल

सुभद्राआजी,

ज्योतीराम यांचं कार्ड मिळालं. मी ते उलटंसुलटं करून बघितलं, आणखी कुठे काही लिहिलंय का म्हणून. "आत्या मजेत हाय. आमच्या घरी पोरगी झाली, बाळ-बाळंतीण खुशाल. आत्या म्हणती, कुनाच्या मनात काय न्हाई एवढं सांगाया तीन पानं कशाला लागली?" बस. वीणेचा एक शब्द नाही.

मुलीचं अभिनंदन. आणि आजी, तुम्ही मला पकडलंत. आता खरं लिहिते.

त्या दिवशी पावणेचारला सोपानराव त्यांच्या पहाऱ्यासाठी हॉलमध्ये आले. विठोबाच्या तसबिरीसमोर कुणी नव्हतं. तुम्ही नव्हता. अंबूबाईंना सप्ताह ऐकता यावा म्हणून त्यांची कॉट आपण हॉलमध्ये आणून ठेवली होती ना, त्या कॉटवर, गोधडीत, वीणा पडलेली. सोपानरावांनी ती उचलली आणि जी आरोळी ठोकली ती मी कोठीघरात होते तिथपर्यंत आली. "वीणा खाली ठेवली! बाईनं वीणा खाली ठेवली!"

सगळे गोळा झाले. खाट म्हणजे खालीच, यावर कुणाचं दुमत नाही. सप्ताह मोडला की नाही, यावर मात्र दोन तट आहेत. पुढचे दोन दिवस आम्ही रेटून नेले, पण काल्याला कुणी एकमेकांच्या तोंडाकडे बघत नव्हतं.

मला सगळ्यात लागलं ते सोपानरावांचं बोलणं. तुम्हाला आठवतंय, बायकांनाही पहारा मिळाला पाहिजे म्हणून मी किती भांडले होते? शेवटी त्यांनी दिला, तो दोन ते चारचा. चैत्रातल्या दुपारचा, जो कुणालाच नको होता. आता म्हणतात, "घ्या, सुमनताई. हौस फिटली? एक शिफ्ट दिली होती, तीही अर्ध्यात सोडून गेली."

"काही कारण असेल," मी म्हटलं.

"कारण प्रत्येकाला असतं. मशीन चालू ठेवून कारणासाठी घरी गेलेला कामगार मी तरी बघितला नाही."

रुक्मिणीबाईंचं वेगळंच. त्या म्हणतात, "ती बाई अशी न्हाई. पण मग गाठोडं कामून नेलं? यायचं असतं तर गाठोडं नेलं असतं का?"

आणि आता प्रत्येक गोष्टीचा संशय सुरू झालाय. कॅरमची राणी सापडत नाही, तर पुरुषांच्या बाजूला कुजबुज, ती पण गाठोड्यात गेली असणार. अंबूबाई त्या दिवसापासून दूध थुंकून टाकतात, तर वाकडच्या गवळ्यावर संशय. पक्षाघातापासून त्यांना बोलता येत नाही, उजवी बाजू गेलेली, त्यामुळे दुधात काय आहे ते त्या सांगू शकत नाहीत. गवळी बिचारा काल सगळ्यांसमोर अख्खा तांब्या स्वतः पिऊन दाखवून गेला. तरी रुक्मिणीबाई म्हणाल्या, "त्याला सवय असंल."

हसू नका. आता गंभीर गोष्ट. सुपरिंटेंडेंटसाहेबांनी मला ऑफिसात बोलावून नियम वाचून दाखवला. न सांगता गेलेला माणूस महिन्याभरात आला नाही, तर त्याची जागा दुसऱ्याला द्यायची. म्हणजे बारा मेपर्यंत. तुमच्या जागेसाठी तळेगावच्या एक बाई अर्ज करून बसल्यात. त्यांचा मुलगा दोनदा येऊन खिडकीजवळची कॉट बघूनही गेला. गादी दाबून बघत होता. मी त्याला चहा दिला नाही.

ज्योतीराम, आता हे तुमच्यासाठी. तुमच्या घरी बाळंतीण आहे, घरात हक्काची म्हातारी हवी असेल, मी समजू शकते. पण मी लिहिते ते सगळं तुम्ही आजींना वाचून दाखवता का? बारा मेची गोष्ट गाळू नका. हेही वाक्य गाळू नका.

सुमन

*

विसावा, चिंचवड
३० एप्रिल

सुभद्राआजी,

ज्योतीरामांना सांगा, मी त्यांची माफी मागते. त्यांनी लिहिलंय, "बाई, मी आक्षर न् आक्षर वाचलं, मला चोर म्हनल्यालं बी वाचलं. आत्या लई हसली." मग खाली, "आत्या म्हणती, म्या वीणा खाली ठेवली न्हाई. तिथं कोन व्हतं त्याला इचारा."

तर मी विचारलं. आणि सगळा घोटाळा झाला.

तुमचा निरोप वाचला तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिथे कोण होतं? सोपानराव! आरोळी त्यांनी ठोकली, वीणा त्यांच्या हातात, बघणारं दुसरं कुणी नाही. आणि त्यांची वेळ चारची. मी तशीच उठले. ते पारावर बसून तंबाखू मळत होते.

"सोपानराव, तुमचा पहारा चारचा. तुम्ही पावणेचारलाच कसे आलात?"

"तीस वर्षं कारखान्यात काढली, पोरी. भोंग्याच्या आधी गेटात असायचं, ही सवय आहे."

"हॉलमध्ये तुमच्याशिवाय कुणीच नव्हतं?"

त्यांनी तंबाखू मळायची थांबवली. "म्हणजे? मीच ठेवली अन् मीच बोंबललो, असं?"

"असं मी म्हटलं नाही."

"तोंडानं म्हटलं नाहीस. डोळे बघ जरा आरशात."

"बायकांना पहारा नको, असं तुम्हीच म्हणत होता ना पहिल्यापासून?"

ते उठले. तळहातावरची तंबाखू तशीच जमिनीवर झाडली. म्हणाले, "म्हणत होतो. आजही म्हणतो. पण विठोबाच्या वीणेवर खोटं घालायला माझी अक्कल इंग्रजी शाळेत नाही गेलेली."

त्या संध्याकाळपासून ते भजनाला बसत नाहीत. ते नाहीत म्हणून पुरुष कुणी बसत नाही, पुरुष नाहीत म्हणून टाळ वाजत नाहीत. वीणा खुंटीला लटकते आहे. कॅरमबोर्ड भिंतीला उभा आहे. राणी सापडली, बरं का, कवायतीच्या सतरंजीत होती. पण त्यामुळे कुणी कुणाला काही म्हणालं नाही. सापडलेल्या गोष्टीचं कुणाला काय पडलंय?

जेवताना आधी किती गलका असायचा. आता सगळे ताटात बघून जेवतात. परवा रुक्मिणीबाईंनी आपली पानांची चंची कुलपात ठेवली. मी विचारलं, कुणी घेतली का कधी? तर म्हणाल्या, "न्हाई. पण आजकाल कुणाचं काय सांगावं?"

आजी, रागावू नका, पण हे मी कुणाजवळ बोलू? मला आता वाटायला लागलंय की तुम्हीच ठेवलीत. गाडी दारात आली, भाच्याच्या घरच्या बाळंतिणीची काळजी, हाक मारायला माणूस नाही, पटकन कॉटवर ठेवली आणि निघालात. कुणीही ठेवली असती. मीसुद्धा ठेवली असती. तसं असेल तर नुसतं 'हो' म्हणा. मी सगळ्यांना समजावते, बारा तारखेच्या आत तुम्हाला न्यायला मी स्वतः चाकणला येते. पण 'ठेवली नाही' एवढंच म्हणून गप्प बसलात, तर मी तुमच्या बाजूने काय बोलू? हवेत वीणा राहत नाही ना.

सुमन

*

विसावा, चिंचवड
४ मे

आजी,

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहितेय. गेल्या पत्राचं शेवटचं पान ज्योतीरामांनी अजून वाचलं नसेल तर वाचू नका. वाचलं असेल तर आता हे ऐका.

काल सकाळी रुक्मिणीबाई म्हणाल्या, "वीणेच्या तारा गंजायल्यात. विठोबाचं वाद्य आहे ते, पुसून तरी ठेव." म्हणून मी ती खुंटीवरून काढली आणि बायकांच्या खोलीत उजेडाला घेऊन आले. अंबूबाईंची कॉट आता परत तिथे आहे. त्यांनी बघितलं आणि घशातून आवाज काढला. मला वाटलं पाणी पाहिजे. पाणी नको. दूध? ते तर नकोच. डावा हात वर करून बोटं हलवायला लागल्या. मी गंमत म्हणून वीणा त्यांच्या छातीशी धरली.

आजी, त्यांनी पट्ट्याचे मनगटाला दोन वेढे दिले. एका हाताने. माझं लक्ष जायच्या आत. भोपळा काखेत घेतला आणि अंगठ्याने तार छेडायला लागल्या. ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण काय म्हणत होत्या ते कळत होतं.

थोड्या वेळाने मी म्हटलं, "दमलात आता. ठेवा इथे गादीवर." आणि वीणा घ्यायला गेले. सोडेनात! मी बोटं उघडायला बघितली तर असं बघितलं माझ्याकडे, की दुसरा हात चालत असता तर मला एक ठेवून दिली असती. मी पुन्हा म्हटलं, "अंबूबाई, खाली ठेवा." नाही.

रुक्मिणीबाई हे बघत होत्या. त्या जवळ आल्या, वाकल्या, आणि स्वतःचा गळा पुढे केला. अंबूबाईंनी पट्ट्याचे वेढे सोडवले, पट्टा त्यांच्या गळ्यात घातला, नीट बसलाय का ते चाचपून बघितलं, आणि मग हात सोडला.

रुक्मिणीबाई गळ्यात वीणा घेऊन तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अगं बाई. हिच्याकडं दिली व्हती गं तिनं."

तिथे कोण होतं त्याला विचारा. तुम्ही सांगितलं होतंत, आजी. आम्ही सयाजीला विचारलं, गवळ्याला विचारलं, सोपानरावांना विचारलं. ज्या कॉटवर वीणा सापडली त्या कॉटवरच्या माणसाला कुणी विचारलं नाही. तीन आठवडे आम्ही सगळे 'हॉलमध्ये कुणी नव्हतं' असंच म्हणत होतो. त्याच तीन आठवड्यांत मी रोज त्यांचे केस विंचरत होते.

मी सोपानरावांकडे गेले. ते माझ्याशी बोलत नव्हते, म्हणून मी त्यांच्या पाठीशीच बोलले. "सोपानराव, एकच सांगा. तुम्ही कॉटवरून वीणा उचललीत तेव्हा ती सहज आली का हातात?"

पाठच म्हणाली, "अडकली होती."

"कशात?"

"गोधडीत. मला वाटलं गोधडीत अडकली. मी हिसका दिला."

मग मी त्यांना सकाळचं सगळं सांगितलं. ते वळले. आधी भांडलेच. "बसायची सूट दिली होती आपण. झोपून पहारा करायची कुणी दिली होती?" मी म्हटलं, नव्हती दिली. "झोपून धरलेली वीणा म्हणजे धरलेलीच म्हणायची का?" मी म्हटलं, मला माहीत नाही, तुम्ही जाणते आहात. मग आपल्याच हाताकडे बघत म्हणाले, "दुखलं असेल का गं तिला? मी चांगलाच जोर लावला होता."

मी सुपरिंटेंडेंटसाहेबांना पण सांगितलं. ते म्हणाले, "सुमनताई, वीणा कुणी धरली, कुणी ठेवली, हा तुमच्या भजनाचा प्रश्न. कॉट रिकामी आहे की नाही, हा माझा प्रश्न." तळेगावच्या बाईंचं सामान बारा तारखेला येणार आहे.

तेव्हा या. आता तुमच्यावर कुणाचाही संशय नाही. या वेळी हे खरं आहे, आणि एका ओळीत लिहिलंय.

सुमन

*

विसावा, चिंचवड
१० मे, एकादशी

आजी,

हे पत्र टपालाने नाही. सयाजी सायकलने भोसरीपर्यंत आणि तिथून चाकणच्या कांद्याच्या ट्रकमध्ये बसून तुमच्याकडे येतोय. ज्योतीराम, हातातलं काम ठेवा आणि आधी हे वाचा.

तुमचं कार्ड आज सकाळी आलं. "आत्यानं समदं ऐकलं. पोरीला मांडीवर घेऊन बसलीया. म्हणती, अंबूला इचारलं हे बरं झालं. पन म्या न्हाई येनार. पुन्यांदा कायतरी हरवंल आन् पुन्यांदा समदे माझ्याच गाठोड्याकडं बगतील. हितं आत्याची कुनाला अडचन न्हाई."

मी ते न्याहारीला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. लपवून लिहिण्याचं आणि लपवून वाचण्याचं काय होतं ते बघितलंय मी. साबुदाण्याच्या ताटल्या तशाच राहिल्या. रुक्मिणीबाई म्हणाल्या, "मी म्हटलं व्हतं गाठोड्याचं. मीच म्हटलं व्हतं." सोपानराव म्हणाले, "बरोबर बोलली बाई. मी असतो तर मीही आलो नसतो." आणि उठून गेले.

दुपारी दोनला ते बायकांच्या खोलीच्या दारात उभे. धुतलेलं धोतर, कपाळाला बुक्का, हातात वीणा. आजवर त्यांनी त्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. त्यांनी विचारलं, "येऊ का?" आणि कुणी हो म्हणेपर्यंत थांबले. मग सरळ अंबूबाईंच्या कॉटपाशी गेले, वीणा त्यांच्या काखेत दिली, पट्टा त्यांच्या मनगटाला स्वतः गुंडाळला, आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. पहारा बदलताना ठेवतात तसं. मग आपली मान पुढे केली.

अंबूबाईंनी त्यांना थांबवलं. चांगलं थांबवलं. त्यांची मान वाकलेली, आणि या तार छेडत बसल्या. रुक्मिणीबाई माझ्या कानात म्हणाल्या, "घेतीय बघ वसूल करून." शेवटी पट्टा गळ्यात घातला आणि जाता जाता त्यांच्या टकलावर एक टपली मारली. हळू नाही मारली.

सोपानराव हॉलमध्ये जाऊन तसबिरीसमोर उभे राहिले. चार वाजता रुक्मिणीबाई बदलीला गेल्या, तर मान हलवून नाही म्हणाले. साडेचारला मी गेले. मलाही नाही.

"हा सुभद्राबाईचा पहारा आहे," ते म्हणाले. "दोन ते चारचा. मी तिच्या जागी उभा आहे. बदली द्यायला तीच येईल."

"आणि नाही आल्या तर?"

"तर उभा आहे."

सुपरिंटेंडेंटसाहेब आले. "सोपानराव, हे काय आंदोलन मांडलंय?"

"आंदोलन कसलं साहेब? ओव्हरटाइम."

"अहो, एकादशीचा उपास, तुमचं वय. ठेवा ती. परवा ती जागा दुसऱ्या बाईंना द्यायचीच आहे."

"कशी देणार? न सांगता गैरहजर राहिलेल्याची जागा जाते, हाच तुमचा नियम ना? तिचा पहारा तर चालू आहे. पहाऱ्यावरची बाई गैरहजर कशी?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी तसबिरीकडे बघितलं. ते ऑफिसात गेले आणि बहुतेक नियम पुन्हा वाचत बसलेत, कारण अजून बाहेर आलेले नाहीत.

आता कारखान्याचा संध्याकाळचा भोंगा झाला. सगळे हॉलमध्ये येऊन बसलेत. कुणी बोलावलं नव्हतं. टाळ निघालेत. अंबूबाईंची कॉट आम्ही चौघींनी उचलून आणली. पण सोपानराव थकलेत आजी, मला दिसतंय. डाव्या पायावरचा भार उजव्यावर, उजव्यावरचा डाव्यावर, असं सारखं चाललंय. पाणी मी चमच्याने पाजलं, कारण हात तारेवरून काढत नाहीत.

मी त्यांच्यामागे खुर्ची नेऊन ठेवली. म्हटलं, "बसा ना. बसायची सूट तुम्हीच दिली होती सगळ्यांना. कुणी काही म्हणणार नाही."

"ती म्हणेल," सोपानराव म्हणाले. "दारातून आत येईल आणि मी बसलेला दिसलो, तर म्हणेल, ह्यानं पहिल्यापासून बसूनच काढलं. ने ती खुर्ची लांब."

मी खुर्ची पार बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवली आहे. ते दुपारपासून एकदाही बसलेले नाहीत. माझ्यावर विश्वास ठेवू नका. सयाजीने सगळं डोळ्यांनी बघितलंय आणि तो आत्ता तुमच्यासमोर उभा आहे. त्याला विचारा.

सुमन